अन्ना कॅन्टीन

आंध्र प्रदेश सरकारची शहरी भागातील स्वस्त भोजनालये. न्याहारी, दुपारचे आणि रात्रीचे जेवण प्रत्येकी ५ रुपयांत मिळते. तेलुगू देसमच्या चंद्राबाबू नायडू सरकारने ती २०१८ मध्ये सुरू केली. पक्षाचे संस्थापक, चित्रपट अभिनेते एन. टी. रामाराव यांना चाहते ‘अन्ना’ (थोरला भाऊ) म्हणत, नाव त्यांचेच.

रामारावांची खरी पुण्याई २ रुपये किलो तांदळाची. १९८३ मध्ये ते याच आश्वासनावर सत्तेत आले आणि काँग्रेसची राज्यातील सलग सत्ता संपली. पुढे १९९५ मध्ये त्यांना पदच्युत करणारे त्यांचे जावई म्हणजे हेच नायडू; त्यांच्याच कारकिर्दीत तांदळाचा दरही वाढला. २ रुपयांचा दर २००८ मध्ये परत आणला तो काँग्रेसच्या राजशेखर रेड्डींनी. ज्यांनी वारसा मोडला त्यांनीच पुढे त्याच्या नावाने पंगत मांडावी, हा या योजनेतील सर्वांत बोलका विरोधाभास.

२०१९ मध्ये जगनमोहन रेड्डी सत्तेवर येताच कॅन्टीन बंद पडली. ऑगस्ट २०२४ मध्ये नायडूंनी ती पुन्हा उघडली. प्रारंभासाठी निवडलेले गुडिवाडा हा रामारावांचा जुना मतदारसंघ. तमिळनाडूतील ‘अम्मा उणवगम’ (२०१३) हे जयललितांच्या नावाचे जवळचे उदाहरण. महाराष्ट्रात युती सरकारच्या एक रुपयातील झुणका-भाकरीची आठवण २०२० च्या शिवभोजन थाळीच्या वेळी निघाली. थाळीची किंमत १० रुपये होती.