जुन्या मोटारीचे इंजिन पुन्हा उघडावे की गाडी काढावी?

रायपूर : महाराष्ट्र मंडळामुळे मराठी कुटुंबांना परिचित असलेल्या येथील चौबे कॉलोनीतून नागपूरला मोटारीने जायचे तर राष्ट्रीय महामार्ग 53 वरून सुमारे 290 किलोमीटर अंतर पडते. वृद्ध आई-वडिलांना घेऊन हा प्रवास ज्या गाडीने करायचा, ती 12-14 वर्षांची झाली आणि इंजिनचे काम दुसऱ्यांदा निघाले, की आणखी पैसे घालावेत का, हा प्रश्न घरात उभा राहतो. त्याचे उत्तर शोधताना आधी पाहायचे ते पहिल्या दुरुस्तीनंतरही बिघाड का परतला.

मे अखेरच्या नवतप्यात रायपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी इंजिन तापून हेड गॅस्केट जळते. मात्र जळालेले गॅस्केट बहुधा परिणाम असतो. मूळ दोष गाळाने चोंदलेल्या रेडिएटरात, अडकलेल्या थर्मोस्टॅटमध्ये किंवा गळक्या वॉटर पंपात असतो. तो तसाच ठेवून, हेडची सपाटी न तपासता नवे गॅस्केट बसवले, तर पुढच्या उन्हाळ्यात तेच बिल पुन्हा येते. असा दोष सापडला आणि हेडला तडा नसेल, तर दुसरा खर्चही वाया जात नाही.

निळसर धूर आणि वारंवार ऑइल कमी होणे, ही बाब निराळी. तेथे पिस्टन रिंग, सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह सील झिजलेले असतात. उरला-सिलतरा औद्योगिक पट्ट्यात रोज ये-जा असेल आणि एअर फिल्टर वेळेवर बदलला नसेल, तर धुळीने ही झीज लवकर होते. इंजिन उघडण्यापूर्वी कॉम्प्रेशन चाचणी अवश्य मागावी. दाब कमी असलेल्या सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडल्यावर तो वाढला, तर संशय रिंगवर. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटवर. अनेक गॅरेजमध्ये ही चाचणी न करताच ‘इंजिन काम’ सांगितले जाते.

आता हिशेब. समजा, खर्च 70 हजार रुपये आहे. गाडी त्यानंतर चार वर्षे चालली, तर वर्षाला साडेसतरा हजार पडतात. एकच वर्ष चालली, तर पूर्ण 70 हजार. ही तुलना नव्या गाडीच्या वर्षभराच्या हप्त्यांशी करावी. आधी घातलेले पैसे यात धरू नयेत, ते दोन्ही वाटांनी गेलेलेच आहेत. गंजलेला सांगाडा, थकलेला गिअरबॉक्स आणि सस्पेन्शनचे काम मात्र धरावेच. नेहमीच्या झिजेचा आणि यांत्रिक बिघाडाचा खर्च सर्वसाधारण मोटार विम्यात मिळत नाही.

खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते. एप्रिल 2022 पासून त्याचे शुल्क 5,000 रुपये आहे. 20 वर्षांवरील मोटारींसाठी ते ऑगस्ट 2025 मध्ये 10,000 करण्यात आले. नोंदणीकृत केंद्रात गाडी भंगारात दिल्यास मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या मोटार वाहन करात 25 टक्क्यांपर्यंत सवलतीची केंद्रीय नियमांत तरतूद आहे. प्रत्यक्ष दर राज्य ठरवते.

जुने इंजिन विकत घेऊन बसवण्याचा मार्ग स्वस्त दिसतो. त्याचे पक्के बिल घ्यावे आणि बदललेला इंजिन क्रमांक परिवहन कार्यालयातून आरसीवर नोंदवून घ्यावा; अन्यथा गाडी विकताना आणि विम्याचा दावा करताना अडचण येते.