दीडकी, पाऊणकी आणि ९५२

ब्रिटिश टीव्हीवर १९८२ पासून 'काउंटडाउन' नावाचा एक खेळ चालू आहे. मूळ कल्पना फ्रेंचांची. त्यातली आकड्यांची फेरी अशी: सहा आकडे, एक लक्ष्य, तीस सेकंद. प्रत्येक आकडा फार तर एकदा वापरायचा. १९९७ साली २५, ५०, ७५, १००, ३ आणि ६ वरून ९५२ करायचे होते. एका पठ्ठ्याने १०० + ६ = १०६, त्याचे तिप्पट ३१८, गुणिले ७५ म्हणजे २३८५० केले; मग वजा ५०, भागिले २५. झाले ९५२!

आपण प्रोग्रामर लोक इथे सरळ लूप लावू. सहाही आकडे वापरायचे तर मांडण्या तीन कोटींच्या वर, पण कॉम्प्युटरला काय त्याचं! माणसाला मात्र लक्ष्याकडून उलटं यावं लागतं. आधी जवळची सोयीची पट गाठायची, मग उरलेलं जुळवायचं.

हे उलटं गणित आपल्याकडे रोजचंच होतं. आमचं कर्जत घ्या. (लोकलवालं नव्हे, नगर जिल्ह्यातलं.) तेव्हा रुपयाचे १६ आणे आणि मणाचे ४० शेर. म्हणून शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी पाठ करून घेत. दीड आणा शेराने १३ शेर ज्वारीचे साडेएकोणीस आणे, हा झाला सरळ पाढा. पण गिऱ्हाइकाच्या हातात सव्वा रुपया, म्हणजे २० आणे असले तर? दीडकी उलटी चाळायची, १३ वर थांबायचं. अर्धा आणा परत. इथे लक्ष्य आधी, वाट नंतर.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नये पैसे झाले, मागोमाग किलो आला, आणि या पाढ्यांचं कामच गेलं. आता आपण त्यांना घोकंपट्टी म्हणून हसतो. पण पाऊणकीच्या नजरेने ते ९५२ पुन्हा बघा. २५ म्हणजे शंभराचा एक पाव, ५० म्हणजे दोन, ७५ म्हणजे तीन. म्हणजे खरं गणित एवढंच: ३१८ त्रिक ९५४, वजा २. पाव एकच मिळालाय, म्हणून भागाकार शेवटी एकदाच करायचा. २३८५० ला घाबरायचं कारणच नाही!

पोरांना पुन्हा पावकी घोकायला लावा असं मी म्हणत नाही. पण "तेरा दीडे किती?" एवढंच विचारून थांबू नका. "विसात दीड किती वेळा, आणि उरले किती?" हेही विचारा. पाढा खरा कामाला येतो तो तिथेच.