सभाध्यक्षाचें आसन

चार माणसें एकत्र जमलीं कीं त्यांची सभा होते. परंतु त्या सभेच्या हातून कांहीं काम व्हावें अशी इच्छा असेल, तर पांचव्या माणसाची गरज लागते. कोणी अगोदर बोलावें, कोणी मागाहून, कोणतें बोलणें विषयाला धरून आहे, कोणतें सोडून आहे, एवढेंच काय तें या पांचव्या माणसानें ठरवावयाचें असतें. त्याच्या पदरीं सैन्य नसतें, हातीं दंड नसतो. लोकांनीं त्याला मान दिला म्हणून त्याचा शब्द चालतो. असें असूनहि या नाजूक अधिकाराच्या बऱ्या-वाईट वापरानें मोठमोठ्या संस्था तरल्या आहेत आणि दुभंगल्याहि आहेत. अध्यक्षानें सभासदांशीं कसें वागावें, हा प्रश्न म्हणूनच केवळ शिष्टाचाराचा नव्हे. तो इतिहासाचा प्रश्न आहे.

अध्यक्ष कोणाचा, या मूळ प्रश्नाचें उत्तर इंग्लंडांत एका प्रसंगानें कायमचें मिळालें. ता. ४ जानेवारी १६४२ रोजीं पहिला चार्लस राजा पांच सभासदांना पकडण्यासाठीं शिपायांनिशीं कॉमन्स सभेच्या दारांत आला व स्वतः आंत शिरला. ते पांचजण कोठें आहेत, असें त्यानें अध्यक्ष विल्यम लेन्थॉल याला विचारलें. लेन्थॉल कांहीं मोठा शूर पुरुष नव्हता. त्यानें राजापुढें गुडघे टेकले. परंतु उत्तर दिलें तें असें कीं, सभा सांगेल तेंच पाहण्यास आपणाला डोळे आहेत, सभा सांगेल तेंच बोलण्यास जीभ आहे. अध्यक्ष हा राजाचा नव्हे, सभेचा सेवक आहे, हें तत्त्व त्या दिवशीं उघड झालें. पुढें १८८१ सालीं याच सभेला दुसरी बाजू पाहावी लागली. आयर्लंडच्या सभासदांनीं एका बिलाला अडवून धरण्यासाठीं भाषणांमागून भाषणें चालविलीं. बैठक एकेचाळीस तासांहून अधिक लांबली, तेव्हां अध्यक्ष ब्रँड यानें स्वतःच्या जबाबदारीवर चर्चा थांबवून मत घेतलें. परंतु ती सत्ता केवळ अध्यक्षाच्या मर्जीवर ठेवणें बरें नव्हे, हें जाणून सभेनें चर्चा बंद करण्याचे नियम लागलीच केले. अध्यक्षाला प्रसंगीं कठोर व्हावें लागतें. पण त्या कठोरपणाला नियमाचा आधार हवा, हा त्यांतला बोध.

आपल्या देशांत हा प्रश्न अत्यंत कटु स्वरूपांत उभा राहिला तो सुरतेस. १९०७ सालची काँग्रेस प्रथम नागपुरास भरावयाची होती; परंतु तेथें राष्ट्रीय पक्षाचा जोर दिसल्यामुळें ती सुरतेस नेण्यांत आली. कलकत्त्यास १९०६ सालीं स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण यांविषयीं जे ठराव झाले होते, त्यांतून नेमस्त पुढारी माघार घेणार, असा संशय टिळकांच्या अनुयायांत पसरला होता. ठरावांचे मसुदे प्रतिनिधींच्या हातीं वेळेवर पडले नाहींत, त्यामुळें हा संशय अधिकच बळावला. अध्यक्षपदासाठीं डॉ. रासबिहारी घोष यांचें नांव ठरलें होतें. राष्ट्रीय पक्षाला लाला लजपतराय हवे होते. परंतु लालाजींनीं स्वतःचें नांव मागें घेतलें.

ता. २६ डिसेंबर रोजीं दुपारीं सभा भरली. सोळाशेंहून अधिक प्रतिनिधी मंडपांत होते. सुरेंद्रनाथ बॅनर्जी अनुमोदनास उभे राहतांच इतका गलका झाला कीं, स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी यांना सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशीं सभा पुन्हां भरत असतां टिळकांनीं माळवींकडे पेन्सिलीनें लिहिलेली एक चिठ्ठी पाठविली. अध्यक्षांच्या निवडणुकीच्या सूचनेला अनुमोदन मिळाल्यावर आपणाला तहकुबीची सूचना मांडावयाची आहे व तडजोडीची एक योजना पुढें ठेवावयाची आहे, तरी आपलें नांव पुकारावें, असा तिचा मतलब होता. उत्तर आलें नाहीं. स्मरणपत्र गेलें, त्यालाहि उत्तर नाहीं. सुरेंद्रनाथांचें भाषण झालें, मोतीलाल नेहरूंनीं पाठिंबा दिला, सूचना मंजूर झाल्याचें जाहीर झालें आणि डॉ. घोष भाषण वाचण्यास उठले. तेव्हां टिळक व्यासपीठावर चढले व सभेपुढें हाताची घडी घालून उभे राहिले.

स्वागताध्यक्षांनीं आणि नव्या अध्यक्षांनीं त्यांना सांगितलें कीं, तुमचें बोलणें नियमाबाहेर आहे. टिळकांचें म्हणणें, आपण सूचना वेळेवर दिली आहे. अध्यक्ष ऐकत नसतील तर प्रतिनिधींना विचारूं. या ओढाताणींत मंडपांतून एक दक्षिणी बनावटीचा जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथांना लागून सर फिरोजशहा मेथांवर आदळला. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या. टिळकांच्या अंगावर धांवून जाणाऱ्यांना थोपवून धरण्यासाठीं दोन्ही हात पसरून जो पुरुष उभा राहिला, तो त्यांचा कट्टर प्रतिपक्षी गोपाळराव गोखले होता, हें हेन्री नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकारानें स्वतः पाहून लिहून ठेविलें आहे. शेवटीं पोलिसांनीं मंडप रिकामा केला.

या प्रसंगाचा दोष कोणाच्या पदरीं टाकावा, याविषयीं दोन्ही पक्षांनीं आपापलीं निवेदनें छापलीं आणि तो वाद अनेक वर्षें चालला. नेमस्तांची बाजू अगदींच लंगडी नव्हती. अध्यक्षांच्या निवडणुकीची सूचना हा काँग्रेसमध्यें केवळ रिवाजाचा भाग मानला जात असे. तीवर उपसूचना येण्याचा प्रघात नव्हता. आदल्या दिवशींच्या गोंधळानंतर पुन्हां वादाला तोंड फोडावें, असें माळवींना वाटलें नसेल, तर त्यांतहि नवल नाहीं. परंतु या सर्व समर्थनांत एक गोष्ट सुटते. चिठ्ठीला उत्तर देण्यास अडचण कोणती होती? सूचना नियमाबाहेर आहे असें वाटत होतें, तर तसें दोन ओळींत लिहून कळवितां आलें असतें. सभेपुढें कारण सांगून ती फेटाळतां आली असती. नकार ऐकून टिळक संतुष्ट झाले असते असें नाहीं. परंतु नकार मिळालेला मनुष्य आणि दखलच न घेतलेला मनुष्य यांत मोठें अंतर असतें. पहिल्याचें भांडण निर्णयाशीं असतें. दुसऱ्याचें आसनाशींच जुंपतें. पुढें १९०८ सालीं अलाहाबादेस नवी घटना होऊन राष्ट्रीय पक्ष काँग्रेसबाहेर राहिला आणि १९१६ च्या लखनौच्या अधिवेशनापर्यंत ती फूट सांधली नाहीं. फुटीचीं कारणें खोल होतीं, एका चिठ्ठीनें तीं मिटलीं नसतीं. पण तिच्या निमित्तानें मतभेदाचें रूपांतर मारामारींत झालें, एवढें खरें.

सुरतेच्या चित्रासमोर दुसरें चित्र ठेवावयाचें तें विठ्ठलभाई पटेल यांचें. मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले अध्यक्ष सर फ्रेडरिक व्हाइट हे सरकारनियुक्त होते. त्यांची मुदत संपल्यावर १९२५ च्या ऑगस्टांत प्रथमच निवडणूक झाली आणि विठ्ठलभाई ५८ विरुद्ध ५६ अशा मतांनीं रंगाचार्यांवर निवडून आले. स्वराज्य पक्षाचा, सरकारला नियमांच्याच काट्यांनीं बोंचकारण्यांत हातखंडा असलेला हा गृहस्थ आतां न्यायासनावर कसा बसणार, ही शंका सरकारी बांकांवर तर होतीच, पण इतरत्रहि होती. आसन ग्रहण करतांच त्यांनीं जाहीर केलें कीं, या घटकेपासून आपला कोणताच पक्ष नाहीं. असें बोलणें सोपें. त्याची परीक्षा पुढें व्हावयाची होती.

ती परीक्षा लवकरच आली. १९२६ च्या मार्चांत मोतीलाल नेहरूंच्या नेतृत्वाखालीं स्वराज्य पक्ष सभागृह सोडून गेला. सर्वांत मोठा लोकपक्षच निघून गेल्यावर या सभागृहाचें प्रातिनिधिक स्वरूप उरलें नाहीं, असें विठ्ठलभाईंनीं बोलून दाखविलें. सरकारनें आतां वादग्रस्त कामें पुढें आणूं नयेत, नाहींतर आपणाला आपले विशेष अधिकार वापरावे लागतील, असेंहि ते म्हणाले आणि सभा तहकूब केली. हें बोलणें अध्यक्षाचें कीं जुन्या स्वराज्यवाद्याचें, असा प्रश्न साहजिकच उठला. दुसऱ्या दिवशीं सभा भरतांच विठ्ठलभाईंनीं आपण होऊन सांगितलें कीं, अधिक विचारान्तीं आपणास वाटतें, अध्यक्षाच्या अधिकारांचा तो उल्लेख व धमकीसारखी वाटेल अशी भाषा आपण करावयास नको होती. आसनावर बसलेल्या माणसाला आपला शब्द मागें घेणें फार जड जातें, कारण त्यानें आसनाची प्रतिष्ठा कमी होईल असें त्याला वाटतें. अनुभव याच्या उलट आहे. पुढच्याच वर्षीं, १९२७ च्या जानेवारींत, नव्या कायदेमंडळानें विठ्ठलभाईंची अध्यक्षपदीं बिनविरोध निवड केली.

मत देण्याचा प्रसंग आला तेव्हांहि त्यांनीं आपलें मत नियमाच्या चौकटींत बसविलें. १९२८ च्या सप्टेंबरांत सार्वजनिक सुरक्षिततेच्या बिलावर दोन्ही बाजूंना ६१ मतें पडलीं. विठ्ठलभाईंचें निर्णायक मत बिलाविरुद्ध गेलें. पण त्याचें कारण त्यांनीं बिलाच्या बऱ्यावाईटपणांत शोधलें नाहीं. असा असाधारण कायदा ज्याला हवा आहे त्यानें सभागृहाची खात्री पटवून स्वतःचें बहुमत मिळवावें, तें अध्यक्षाच्या मतानें पुरें करून घेऊं नये, हें त्यांचें म्हणणें होतें. तेंच बिल पुन्हां आलें तेव्हां मीरतचा खटला सुरू झाला होता. बिलाचा आधार व खटल्याचा आधार एकच असल्यामुळें न्यायप्रविष्ट गोष्टींना स्पर्श केल्यावांचून चर्चा होणेंच शक्य नाहीं, असा मुद्दा त्यांनीं काढला. ता. ८ एप्रिल १९२९ रोजीं या प्रश्नावर ते निर्णय देण्याच्या बेतांत असतांनाच भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनीं सभागृहांत बाँब टाकले. धूर निवळला, तीन दिवसांनीं विठ्ठलभाईंनीं आपला निर्णय सांगितला, बिलाची चर्चा नियमाबाहेर ठरविली. व्हाइसरॉयांना मग तें वटहुकुमानें अमलांत आणावें लागलें. बाँबच्या भीतीनें निर्णय बदलला नाहीं आणि सरकारच्या रागानेंहि बदलला नाहीं.

याच काळांत त्यांनीं आणखी एक गोष्ट साधली. ती बाहेरून नीरस दिसते, परंतु तिचें महत्त्व या साऱ्या गाजलेल्या निर्णयांहून कमी नाहीं. अध्यक्षाच्या कचेरींतील नोकर सरकारच्या खात्याचे असत. ज्याच्या हातीं नेमणूक व बढती, त्याच्या बाजूला कारकुनाचा कल झुकणार, हा मनुष्यस्वभाव आहे. मोतीलाल नेहरूंच्या ठरावानंतर ता. १० जानेवारी १९२९ पासून कायदेमंडळाचें स्वतंत्र खातें अध्यक्षाच्या नियंत्रणाखालीं सुरू झालें. आजच्या लोकसभा सचिवालयाचें मूळ तेथें आहे. निःपक्षपात केवळ मनांत असून भागत नाहीं, त्याला घर लागतें, हें विठ्ठलभाईंनीं ओळखलें होतें. १९३० च्या एप्रिलांत स्वातंत्र्यलढ्यांत उतरण्यासाठीं त्यांनीं राजीनामा दिला. पक्षाचें काम करावयाचें तर आसन सोडून करावें, आसनावर बसून नव्हे, हाहि एक धडाच होता.

त्यांचा वारसा पुढें गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर यांच्याकडे आला. मूळ रत्नागिरी जिल्ह्यांतलें घराणें, परंतु आयुष्य गेलें अहमदाबादेंत. १९३७ सालीं ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. १९४६ च्या जानेवारींत मध्यवर्ती कायदेमंडळांत त्यांची निवड अवघ्या तीन मतांनीं झाली. १९५२ सालीं पहिल्या लोकसभेंत शंकर शांताराम मोरे यांच्याविरुद्ध त्यांना ३९४ मतें मिळालीं, मोऱ्यांना ५५. बहुमत असें अफाट असतां अध्यक्षाची कसोटी अधिकच कडक होते, कारण अल्पसंख्य विरोधकांना त्याच्यावांचून दुसरा आसरा नसतो. १९५४ च्या डिसेंबरांत विरोधी सभासदांनीं मावळंकरांना पदावरून दूर करण्याचा ठराव आणला. आपल्या तहकुबीच्या सूचना वारंवार नाकारल्या जातात, ही त्यांच्या तक्रारींपैकीं एक होती. अशा ठरावाच्या वेळीं अध्यक्षानें आसनावर बसूं नये, पण सभासद म्हणून आपली बाजू मांडण्याचा हक्क त्याला असावा, असें राज्यघटनेनेंच ठरविलें आहे. पंतप्रधान नेहरूंनीं चर्चेचा बहुतेक वेळ विरोधकांना द्यावा असें सुचविलें, आणि आपल्या पक्षाच्या सभासदांना हा पक्षाचा प्रश्न मानूं नका असें सांगितलें. ठराव फेटाळला गेला. परंतु अध्यक्षाविरुद्ध गाऱ्हाणें मांडण्यास सनदशीर जागा आहे, तेथें तें शांतपणें ऐकलें जातें, हें त्या दिवशीं सिद्ध झालें. सुरतेस हीच जागा नव्हती.

लेन्थॉलपासून मावळंकरांपर्यंतच्या या कथेंत अलौकिक असें कांहींच नाहीं. चिठ्ठी आली तर उत्तर द्यावें. नकार द्यावयाचा तर कारणासह द्यावा. ज्याचें मत आपणाला रुचत नाहीं त्याला वेळ मोजतांना घड्याळाचा कांटा पुढें ढकलूं नये. आपल्या हातून अधिक शब्द गेला तर दुसऱ्या दिवसाची वाट न चुकवितां तो मागें घ्यावा. आणि आपल्याविरुद्ध तक्रार झाली तर आसनावरून खालीं उतरून ती ऐकावी. वाचनालयाच्या वार्षिक सभेपासून लोकसभेपर्यंत हे नियम सारखेच लागू आहेत. सभासद सभेला येतो तो जिंकण्याची खात्री घेऊन नव्हे. आपलें म्हणणें ऐकून घेतलें जाईल, एवढ्या भरंवशावर येतो. तो भरंवसा ज्याच्याकडे ठेव म्हणून असतो, त्याचें नांव अध्यक्ष.