अद्ययावतीकरणानंतर लिनक्स सर्व्हर सुरू होत नसेल तर...

कार्यालये, बँका आणि शिक्षणसंस्था यांच्या सर्व्हरवर लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. सुरक्षिततेसाठी ती वेळोवेळी अद्ययावत करावी लागते. मात्र कधी कधी त्यानंतर सर्व्हर सुरूच होत नाही. कामकाज ठप्प होते आणि घाईघाईने संपूर्ण प्रणाली नव्याने बसवायला घेतली जाते. ही घाई नडते. बहुतेक वेळा हार्ड डिस्कवरील माहिती शाबूत असते. बिघाड असतो तो तिथवर पोहोचण्याच्या मार्गात. नवी प्रणाली बसवताना डिस्कचे विभाग पुसले गेले, तर मात्र शाबूत माहितीही हातची जाते.

साखळीतील कड्या

सर्व्हर सुरू होणे ही एक साखळी आहे. प्रथम मदरबोर्डवरील बायॉस किंवा यूईएफआय हे फर्मवेअर जागे होते व ‘ग्रब’ या बूट लोडरकडे सूत्रे सोपवते. ग्रब हा कर्नल आणि ‘इनिट्रॅमएफएस’ ही छोटी, तात्पुरती फाइल व्यवस्था मेमरीत चढवतो. तिच्यातील ड्रायव्हरच्या साहाय्याने मुख्य डिस्क सापडते आणि अखेरीस ‘सिस्टिमडी’ उरलेल्या सेवा सुरू करतो. पडद्यावरील शेवटचा संदेश नीट वाचल्यास साखळी कोठे तुटली, याचा अंदाज येतो.

लक्षणे आणि उपाय

जुना कर्नल : ग्रबचा मेनू दिसत असेल तर प्रथम त्यातील जुना कर्नल निवडावा. उबुंटूमध्ये हा मेनू अनेकदा लपलेला असतो; बायॉसवर शिफ्ट, तर यूईएफआयवर एस्केप कळ दाबून तो आणता येतो. जुन्या कर्नलवर सर्व्हर सुरू झाला, तर दोष नव्या कर्नलमध्ये किंवा त्याच्या इनिट्रॅमएफएसमध्ये आहे, असे समजावे.

कर्नल पॅनिक : मुख्य फाइल व्यवस्था सापडत नसल्याचा संदेश आल्यास इनिट्रॅमएफएस अपुरी तयार झालेली असू शकते. ‘बूट’ विभाग पूर्ण भरणे हे त्याचे नेहमीचे कारण. निरुपयोगी जुने कर्नल काढून जागा करावी. मग रेड हॅट परिवारात ‘ड्रॅकट’, तर डेबियन व उबुंटूत ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस’ या आज्ञेने ती पुन्हा तयार करावी.

इमर्जन्सी मोड : येथे संशय ‘एफस्टॅब’ या फाइलवर घ्यावा. डिस्कची ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे बदलू शकतात. म्हणून नोंदीत नावाऐवजी यूयूआयडी हा कायम क्रमांक वापरणे श्रेयस्कर. फाइल व्यवस्था तपासण्याची ‘एफएससीके’ ही आज्ञा माउंट केलेल्या विभागावर कधीही चालवू नये.

मेनूच न आल्यास : लाइव्ह यूएसबीवरून संगणक सुरू करावा. डिस्कचा मुख्य विभाग, त्यात ‘बूट’ आणि ईएफआय हे विभाग माउंट करावेत. ‘डेव्ह’, ‘प्रॉक’ व ‘सिस’ या डिरेक्टरी जोडून ‘सीएच-रूट’ या आज्ञेने मूळ प्रणालीत शिरावे. तेथून बूट लोडर पुन्हा बसवता येतो किंवा सदोष पॅकेज मागे घेता येते.

२०२० मधील अनुभव

२९ जुलै २०२० रोजी ग्रबमधील ‘बूटहोल’ हा सुरक्षादोष जाहीर झाला. तो बुजवणारे अद्ययावतीकरण बसवल्यावर रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या ७ व ८ या आवृत्त्या, तसेच सेंटओएस चालवणारे अनेक संगणक ग्रबचा मेनू येण्याआधीच थांबू लागले. दोष यूईएफआय व ग्रब यांच्यामधील ‘शिम’ या छोट्या प्रोग्रॅममध्ये होता. मेनूच येत नसल्याने जुन्या कर्नलचा उपाय निरुपयोगी ठरला. वर सांगितल्याप्रमाणे प्रणालीत शिरून शिम व ग्रबच्या आधीच्या आवृत्त्या बसवाव्या लागल्या. काही दिवसांतच सुधारित शिम उपलब्ध झाले. प्रणाली नव्याने बसवण्याची गरज नव्हती.

पूर्वकाळजी

अद्ययावत करण्यापूर्वी ‘बूट’ विभागातील मोकळी जागा पाहावी. दूरस्थ सर्व्हर असल्यास त्याच्या कन्सोलपर्यंत पोहोचण्याची सोय आहे ना, याची खात्री करावी. बदल आधी चाचणीच्या संगणकावर करून पाहावा. बॅकअप केवळ घेऊन थांबू नये. त्यातून माहिती परत मिळते का, हेही प्रत्यक्ष तपासावे.