काकीचं गाणं आणि सर्पगंधेची मुळी

केळव्याला आमच्या घरामागे पानवेलीची वाडी होती. पानं खुडून आणायची, ओल्या फडक्याखाली ठेवायची, एकावर एक रचून कवळ्या लावायच्या आणि करंड्या भरायच्या, हे काम घरातल्या सगळ्यांचं. पण त्या कामाला चाल लावायची ती आमची काकी. गावात कुणाकडे लग्न निघालं की हळदीच्या गाण्यांसाठी पहिलं बोलावणं तिला यायचं. कवळ्या लावता लावताही ती गुणगुणत असे, आणि तिच्या गाण्याच्या लयीत आमचे हात आपोआप चालत.

१९७९ सालची गोष्ट. काकीचं डोकं सारखं दुखू लागलं, एकदा चक्कर येऊन ती पडवीतच बसली. दवाखान्यात दाखवलं तर रक्तदाब बराच वाढलेला. डॉक्टरांनी रोज घ्यायच्या गोळ्या दिल्या. गोळ्या स्वस्त होत्या आणि गुणकारीही होत्या. महिनाभरात दाब खाली आला, डोकेदुखी थांबली. घरात सगळ्यांना बरं वाटलं.

मग तीनचार महिन्यांनी काकीचं गाणं बंद झालं. आधी कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पुढे तिनं लग्नघरी जाणं सोडलं. पहाटे तीनला उठून ती अंधारात बसून राही. जेवणावरची वासना गेली. काही विचारलं की म्हणायची, "मला काही होत नाही रे, पण काही वाटतही नाही." घरात तर्क सुरू झाले. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं कामाचा कंटाळा आलाय. शितळादेवीची ओटी भरली, नवस बोलून झाला. एका दुपारी ती विहिरीच्या कठड्याशी किती तरी वेळ नुसती उभी असलेली आजीनं पाहिली. त्या दिवसापासून तिला एकटीला सोडायचं नाही असं ठरलं. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. माझी पाळी दुपारची असे.

ही दशा वर्षभर चालली. मग योगायोगानं त्या दवाखान्यात काही दिवसांसाठी एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी काकीला दोनच प्रश्न विचारले. "हे कधीपासून?" आणि "त्याच्या आधी कुठलं औषध सुरू झालं होतं?" काकीनं पदराच्या गाठीतून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. डॉक्टरांनी ती वाचली, थोडा वेळ गप्प बसले, आणि गोळी बदलून दिली. मूळच्या गोळीत रेसरपिन नावाचं द्रव्य होतं. दोनअडीच महिन्यांनी एका संध्याकाळी करंडी भरताना काकी गुणगुणली. आजीच्या डोळ्यांना धार लागली. आम्ही कुणी काही बोललो नाही, न जाणो, बोललो तर ती थांबेल.

पुढे मी औषधनिर्माणशास्त्र शिकलो. केळवे रोडहून गाडी धरून बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यात नोकरी केली. पण कॉलेजच्या ग्रंथालयात मी पहिली शोधाशोध केली ती त्या गोळीची. आणि मंडळी, तिचा इतिहास मला थेट मुंबईत, परळला घेऊन गेला.

रेसरपिन मिळतं सर्पगंधेच्या मुळीतून. सर्पगंधा आपल्याकडची जुनी वनस्पती. कोकणात आणि सह्याद्रीच्या ओलसर रानातही ती उगवते. साप-विंचवाच्या दंशावर, तापावर, झोप येत नसेल तर तिची मुळी देत. बिहार-बंगालकडे तिला 'पागलांची दवा' म्हणत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालते असं छापून प्रसिद्ध केलं. त्याच साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं मुळीतली काही द्रव्यं वेगळी काढली आणि हकीम अजमल खानांच्या स्मरणार्थ त्यांतल्या एकाचं नाव 'अजमलिन' ठेवलं.

तरीही जगाचं लक्ष गेलं नव्हतं. ते गेलं मुंबईमुळे. परळच्या केईएम रुग्णालयातले हृदयविकारतज्ज्ञ डॉ. रुस्तम जल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन नीट नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. वाढलेल्या रक्तदाबावर खात्रीचं आणि सोसणारं औषध तोवर जवळजवळ नव्हतंच. निबंध वाचून परदेशात कामं सुरू झाली. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी मुळीतलं मुख्य द्रव्य शुद्ध रूपात काढलं. तेच रेसरपिन.

दुसरीकडे न्यूयॉर्क राज्यातल्या एका मोठ्या मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी हेच औषध मनोरुग्णांना दिलं. अनावर, हिंसक झालेले रुग्ण शांत होऊ लागले. १९५७ साली अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला, त्यांत परळचे डॉ. वकील होते आणि क्लाइनही होते. एकाच मुळीनं एकाला रक्तदाबाची वाट दाखवली, दुसऱ्याला मनाची.

आता बघा, एकाच औषधानं रक्तदाब उतरतो आणि खवळलेलं मनही शांत होतं, तर ज्याचं मन खवळलेलंच नाही त्याचं काय होत असेल? त्याचं उत्तरही लवकरच आलं. १९५४ साली वॉशिंग्टनचे डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी कळवलं, की रेसरपिन मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेणारे रक्तदाबाचे काही रुग्ण खोल उदासीनतेत गेले. पाठोपाठ इतरांनीही तसेच अनुभव लिहिले. म्हणजे आमच्या काकीच्या घरात जे घडलं, ते छापील कागदावर तिच्या आधी पंचवीस वर्षं आलं होतं. केळव्यापर्यंत पोचलं नव्हतं, इतकंच.

हे कसं घडतं, ते समजावताना मला पानाची करंडीच आठवते. मेंदूतल्या मज्जातंतूंच्या टोकाशी अगदी बारीक पिशव्या असतात. सिरोटोनिन, डोपामिन अशी निरोप नेणारी द्रव्यं त्यांत भरून ठेवलेली असतात. रेसरपिन या पिशव्या भरू देत नाही. करंडीत न गेलेलं पान उन्हात करपतं, तशी बाहेर राहिलेली ही द्रव्यं पेशीतल्या एका विकरानं नष्ट होतात. १९५५ साली अमेरिकेत बेथेस्डाच्या प्रयोगशाळेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या गटानं दाखवलं, की रेसरपिन दिलं की सिरोटोनिनचे साठे ओसरतात. १९५७ साली स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसरपिनानं निपचित पडलेल्या सशांना डोपामिनचा कच्चा माल, म्हणजे 'एल-डोपा' टोचला, आणि ससे पुन्हा हालचाल करू लागले. त्यातूनच पुढे कंपवातावरचा आजचा उपचार उभा राहिला. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

याच्या अगदी उलट गोष्टही त्याच काळात घडली. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांवर इप्रोनियाझिड हे नवं औषध वापरून पाहत होते. फुप्फुसं पोखरलेली ती माणसं हसू-बोलू लागली, जेवू लागली, वॉर्डात नाचू लागली. त्यांची छायाचित्रं तेव्हा छापून आली होती. करंडीबाहेरची पानं करपवणारं जे ऊन, ते हे औषध अडवत होतं. नको असलेला हा परिणामच पुढे कामाला आला. १९५७पासून हे औषध उदासीनतेवर दिलं जाऊ लागलं. यकृताला इजा होते म्हणून ते पुढे मागे पडलं, पण उदासीनतेवरच्या औषधांचा रस्ता तिथूनच निघाला.

इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मी बरीच वर्षं काकीची गोष्ट 'रेसरपिन म्हणजे उदासीनता' अशी ठणकावून सांगत असे. पुढे वाचन वाढलं तसा आवाज खाली आला. १९५५ सालीच लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांनी तुलना करून पाहिली, तेव्हा चिंतेनं आणि खिन्नतेनं ग्रासलेल्या काही रुग्णांना रेसरपिनानं उलट बरंच वाटलं होतं. नंतरच्या अभ्यासकांनी जुन्या नोंदी तपासून म्हटलं, की खरी, आजार म्हणावी अशी उदासीनता थोड्यांनाच झाली. मात्रा मोठी होती, काहींना आधीही तसा त्रास झालेला होता, आणि सुस्तीलाच अनेकदा उदासीनता म्हटलं गेलं. हा वाद आजही पुरता मिटलेला नाही. मग काकीचं काय? गोळी सुरू झाली तेव्हा ती खचली, गोळी थांबली तेव्हा ती सावरली. एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. त्याला शास्त्र 'संशय' म्हणतं, 'पुरावा' म्हणत नाही. पण तो संशय वेळेवर कुणी घेतला असता, तर तिचं एक वर्ष वाचलं असतं.

कारण प्रश्न एका जुन्या गोळीचा नाही. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड घेणाऱ्या एखाद्याची झोप उडते, तो भलताच उत्साही किंवा चिडखोर होतो. कंपवातावरच्या काही गोळ्यांनी आयुष्यभर काटकसरीनं राहिलेला माणूस जुगार खेळू लागतो, नको त्या खरेद्या करतो, आणि घरचे म्हणतात, म्हातारपणी चळ लागला. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरचं सायक्लोसेरिन काहींना खिन्न करतं, काहींना भास होतात. हिवतापावरच्या मेफ्लोक्विनबद्दल २०१३ साली आणि ॲलर्जी-दम्यासाठी मुलांनाही दिल्या जाणाऱ्या माँटेलुकास्टबद्दल २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मनावरच्या परिणामांचा ठळक चौकटीतला इशारा दिला. ही सगळी औषधं वाईट आहेत का? मुळीच नाही. बहुतेकांना ती मानवतात, कित्येकांचा जीव वाचवतात. काकीच्या गोळीनंही तिचा रक्तदाब खरोखरच उतरवला होता.

अडचण वेगळीच आहे. गोळीनं अंगावर पुरळ उठलं तर आपण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जातो. गोळीनं स्वभाव बदलला तर आपण माणसालाच बोल लावतो. आळशी झाली, तिरसट झाला, बाहेरचं काही लागलं. आणि ज्याला त्रास होतो, त्यालाही वाटतं की खोट आपल्यातच आहे. काकी मला नंतर म्हणाली होती, "मला वाटायचं, मी मुळात अशीच होते, इतके दिवस उगाच गात होते."

म्हणून नवं औषध सुरू झालं, किंवा जुन्याची मात्रा बदलली, की पुढचे काही महिने घरच्यांनी माणसाकडे जरा लक्ष द्यावं. झोप, भूक, राग, हौस यांत फरक दिसला तर तारखेसह लिहून डॉक्टरांना सांगावा. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नये. रक्तदाबाची, फिटची किंवा स्टेरॉइडची गोळी एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं. आपल्या देशात २०१०पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही नोंद करू शकतो. आणि मन फारच खचलं, जगणं नको वाटलं, तर 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. १९७९ साली आमच्याजवळ यातलं काही नव्हतं. दुपारची पाळी करणारा एक सतरा वर्षांचा पोरगा तेवढा होता.

काकी पुढे पुष्कळ जगली. रक्तदाबाची दुसरी गोळी तिनं अखेरपर्यंत न चुकता घेतली आणि गावातल्या लग्नांत आवाज बसेपर्यंत गायली. ती गेल्यावर तिचं कपाट आवरताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात वहीचं एक पान होतं. वाकड्या अक्षरांत प्रत्येक गोळीचं नाव, ती सुरू झाल्याची तारीख, आणि समोर एकेक शब्द. 'बरं.' 'झोप नाही.' 'बरं.' सर्वांत वरच्या ओळीत त्या पहिल्या गोळीचं नाव होतं. तिच्यासमोर काकीनं लिहिलं होतं, 'गाणं गेलं.'