वनकुसवड्याच्या पवनचक्कीची कुळकथा

पाटण तालुक्यात कोयनेच्या जलाशयालगत वनकुसवड्याचं पठार आहे, समुद्रसपाटीपासून साधारण साडेअकराशे मीटर उंच. जांभ्याचा कातळ, त्यावर वीतभर माती, आणि जून ते सप्टेंबर माणसाला उभं राहू न देणारा वारा. डोंगरावरच्या शेतकऱ्याला या वाऱ्याचा धाकच होता. उभी नाचणी आडवी करायची आणि घरावरची कौलं उडवायची, एवढंच वाऱ्याचं काम. आज त्याच वाऱ्यावर इथे पवनचक्क्यांच्या रांगा फिरतात. ठोसेघरच्या वरच्या चाळकेवाडीला तेच, आणि पलीकडे सांगलीच्या ढालगाव-जतच्या माळावरही तेच. हे यंत्र या सड्यावर आलं कुठून?

त्याचं मूळ घराणं डेन्मार्कचं. आस्कोव्ह गावच्या लोकशाळेतले शिक्षक पॉल ला कूर यांनी 1891 मध्ये वाऱ्यावर वीज तयार केली. वारा पडला की वीज बंद, हा पेच त्यांच्यासमोरही होता. म्हणून त्या विजेने ते पाण्यापासून हायड्रोजन काढून साठवत आणि शाळेतले दिवे त्यावर पेटवत. त्यांचा विद्यार्थी योहानेस यूल याने 1957 च्या सुमारास गेडसरच्या किनाऱ्यावर 200 किलोवॅटची पवनचक्की उभारली. वनकुसवड्याच्या चक्क्यांचा खरा मूळपुरुष तो. तीन पाती, तोंड वाऱ्याकडे, थेट वीजजाळ्याला जोडलेलं जनित्र. पात्यांचा आकार असा की वारा फार वाढला तर पात्यावरचा हवेचा प्रवाह आपोआप विस्कटतो आणि वेग काबूत राहतो. तरीही चक्की सुसाट सुटलीच, तर पात्यांची टोकं वळून ब्रेक लागतो. मोठ्या दुरुस्तीशिवाय ती दहा वर्षं फिरली. पुढे खनिज तेल स्वस्त झालं आणि 1967 मध्ये ती बंद पडली.

1973 च्या तेलसंकटाने ती विद्या पुन्हा वर काढली, आणि ती उचलली शेतीची अवजारं करणाऱ्या कारखान्यांनी. व्हेस्टास ही कंपनी त्यांतलीच. नांगराच्या कारखान्यातून काय काय उभं राहू शकतं, हे किर्लोस्करवाडीच्या मुलखाला वेगळं सांगायला नको.

भारतात या यंत्राआधी मोजमाप आलं. हवामानशास्त्रज्ञ अन्ना मणी यांनी देशभरातल्या वाऱ्याच्या नोंदी जमवून 1980 च्या दशकात त्यांचे ग्रंथ सिद्ध केले. कुठल्या कड्यावर किती वारा, हे कागदावर आल्याशिवाय कुठली बँक उद्योजकाला दारात उभं करणार? 1986 मध्ये गुजरात, तमिळनाडू आणि आपल्या कोकण किनाऱ्यावर 55 किलोवॅटच्या व्हेस्टासच्या चक्क्या लागल्या. पाठोपाठ डेन्मार्क सरकारच्या मदतीने गुजरात आणि तमिळनाडूत मोठे प्रकल्प झाले. 1987 मध्ये स्थापन झालेल्या इरेडा या सरकारी वित्तसंस्थेला 1990 च्या दशकात जागतिक बँकेचं कर्ज आणि जागतिक पर्यावरण निधीचं अनुदान मिळालं, आणि खासगी उद्योजकाला पवनचक्कीसाठी कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली.

सह्याद्रीत मात्र यंत्र आलं ते व्यापाऱ्याच्या हाताने. तुळशी तांती यांचा सुरतेला कापडाचा कारखाना होता आणि विजेचं बिल परवडेना, म्हणून त्यांनी पवनचक्क्या घेतल्या. 1995 मध्ये त्यांनी सुझलॉन सुरू केली. तंत्रज्ञान घेतलं जर्मनीच्या स्यूडविंड कंपनीकडून. पुढे ती कंपनी बुडाली, तेव्हा तिथले अभियंते सुझलॉनकडे आले. श्रीमंत देशांनी गरीब देशांना तंत्रज्ञान द्यावं, अशी वचनं हवामान परिषदांच्या ठरावांत अनेकदा लिहिली गेली आहेत. वनकुसवड्यावर ते पोहोचलं ते परवाना आणि माणसं विकत घेऊन, हे विसरू नये.

या यंत्रावर पैसा ओतला तो मुख्यतः करसवलतीने. एका काळात यंत्राच्या किमतीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा दाखवता येत असे. म्हणून बजाज ऑटोसारख्या वेगळ्याच धंद्यातल्या कंपन्यांच्याही चक्क्या या पठारावर आल्या. 2003 मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने पवनविजेला युनिटमागे साडेतीन रुपये दर ठरवून दिला.

तिसरा पैसा आला तो क्योटो करारातून. 1997 च्या या कराराने श्रीमंत देशांना मुभा दिली की आपला धूर कमी करण्याऐवजी विकसनशील देशातल्या स्वच्छ प्रकल्पाकडून एक टन कार्बन डायऑक्साइड वाचल्याचा दाखला विकत घ्यावा. 2005 मध्ये करार अमलात आला आणि साताऱ्याच्या वाऱ्याचे दाखले युरोपच्या बाजारात पोहोचले. 2008 मध्ये अशा दाखल्याला वीस युरोंच्या वर भाव होता. 2012 संपताना तो एका युरोच्याही खाली गेला. प्रकल्पाच्या अर्जात स्थानिकांचं म्हणणं नोंदवायला एक स्वतंत्र प्रकरण असे. दाखल्याच्या पैशात मात्र गावाचा हक्काचा वाटा त्या नियमांनी ठेवला नव्हता. मला या साऱ्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव हीच वाटते.

हा मुलूख आधीही देशाच्या विजेसाठी कामी आला आहे. कोयनेच्या प्रकल्पालाही जागतिक बँकेचं कर्ज होतं, आणि त्याच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अजून मिटलेले नाहीत. पवनचक्क्यांसाठी जमिनी मातीमोल भावाने गेल्या, ही तक्रार या डोंगराळ भागात वर्षानुवर्षं आहे. सांगली जिल्ह्यातल्या कासेगावचे भारत पाटणकर आणि त्यांच्या श्रमिक मुक्ती दल या संघटनेने या शेतकऱ्यांच्या हक्कांचा प्रश्न रस्त्यावर आणला.

जमिनीवरचं आणखी एक कूळ बदललं. चाळकेवाडीच्या कातळावर सरडा राहतो, सराडा सुपर्बा. 2016 मध्ये तो नवी जात म्हणून नोंदवला गेला. उन्हाळ्यात नर गळ्याखालचा पंखा उघडतो: निळा, काळा, नारिंगी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि त्यांचे सहकारी हर्षल भोसले यांनी 2018 मध्ये दाखवलं की चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी चक्क्या नसलेल्या भागाच्या सुमारे एक चतुर्थांशच आहेत. त्यामुळे सरडे वाढले, पण त्यांच्या गळ्याचे रंग फिके पडले. चक्की जणू या अन्नसाखळीतली वरची शिकारी होऊन बसली आहे. स्वच्छ विजेच्या हिशेबात हाही खर्च धरायला हवा.

आता या जुन्या, लहान चक्क्यांचं आयुष्य सरत आलं आहे. 2023 मध्ये केंद्राने जुन्या चक्क्या उतरवून त्याच जागी मोठ्या बसवण्याचं सुधारित धोरण आणलं. 2024 मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत विकसनशील देशांसाठी 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलर उभे करण्याचं ठरलं. पाटण, सातारा, कवठे महांकाळ आणि जतमध्ये नवे करार होतील, तेव्हा प्रत्येक ग्रामसभेने मसुदा मराठीत मागावा, जमिनीचं भाडं आणि विकलेल्या प्रत्येक युनिटमागे गावाचा वाटा त्यात लिहून घ्यावा, आणि तो लिहिल्याशिवाय सही करू नये.