हवेतलं गायरान : ब्लूटूथला रिचार्ज का लागत नाही?

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या देवळात हरिपाठ चालू होता. साथीला फोनवरून ब्लूटूथ स्पीकरवर तानपुरा लावलेला. मध्येच त्या फोनची बॅटरी संपली. स्पीकर दोन सेकंद गप्प बसला, 'टुंग' वाजला आणि त्यातून ठसक्यात लावणी सुरू झाली. बाहेर कट्ट्यावर बसलेल्या एका पोराचा फोन गणपतीत कधीतरी याच स्पीकरला जोडलेला होता. स्पीकरने जुनी ओळख बरोबर लक्षात ठेवली होती.

हसण्याचा भर ओसरल्यावर बुवांनी एक प्रश्न विचारला. "फोनला रिचार्ज लागतो, टीव्हीला लागतो. हेही हवेतूनच येतंय ना? मग याचे पैसे कोण घेतं?"

तिथे मी "कोणीच नाही बुवा" म्हणून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण उत्तर खरंच 'कोणीच नाही' असं आहे, आणि ते तसं का आहे याची गोष्ट मोठी आहे. पोस्ट लांबणार, आधीच सांगतो.

गोष्ट सुरू होते स्वीडनमधल्या लुंड गावात. एरिक्सन ही स्वीडनची टेलिफोनची जुनी कंपनी. १९८९च्या सुमारास तिच्या मोबाइल विभागाचे तंत्रज्ञान प्रमुख निल्स रिडबेक यांच्या मनात बिनवायरीचा हेडसेट घोळत होता. पुढे १९९४ मध्ये याप हार्टसेन हा डच इंजिनिअर आणि स्वेन मॅटिसन हा स्वीडिश इंजिनिअर या कामाला भिडले. अट अशी की रेडिओ स्वस्त हवा, बॅटरी कमी खाणारा हवा, आणि जगात कुठेही चालायला हवा.

या तिसऱ्या अटीत सगळी मेख होती. रेडिओ लहरींचा प्रत्येक पट्टा कुठल्या ना कुठल्या सरकारने कुणाला तरी दिलेला असतो. पोलीस, लष्कर, विमानं, आकाशवाणी, मोबाइल कंपन्या, सगळ्यांचे सातबारे वेगवेगळे. आणि हे देशागणिक बदलतं. मग मुंबईत, म्युनिकमध्ये आणि मनिलात तोच हेडसेट विनापरवाना चालणार कसा?

एक पट्टा होता. २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा. १९४७ साली अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत रेडिओ लहरींच्या वाटपाची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तेव्हा काही पट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय यंत्रांसाठी बाजूला काढले गेले. संदेश पाठवायला नाही, वस्तू तापवायला वगैरे. आपल्या स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह याच पट्ट्यात चालतो. थोडक्यात, गोंगाटाची जागा. शहाण्या माणसाने तिथे रेडिओ चालवू नये अशी.

म्हणूनच ती कुणी बळकावली नव्हती! १९८५ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने ठरवलं की अशा तीन पट्ट्यांत कमी ताकदीचे रेडिओ कुणीही परवान्याशिवाय चालवावेत. अटी दोन. दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही, आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर तक्रार करायची नाही. गावाच्या गायरानाचा नियम याहून वेगळा काय असतो? गुरं सगळ्यांची, कुंपण कुणाचंच नाही. (गायरान म्हटलं की आपल्याला आता अतिक्रमणच आठवतं, पण मूळ कल्पना ही.) पुढे वायफायही याच पट्ट्यात वाढलं.

आता गोंगाटात बोलायचं कसं? हार्टसेनने निवडलेली युक्ती जत्रेच्या उदाहरणाने सांगतो. जत्रेत ओळीने ७९ दुकानं आहेत. तुम्ही आणि तुमचा मित्र आधीच ठरवता की आधी १२ व्या दुकानापाशी भेटायचं, मग ५६ व्या, मग ३ ऱ्या. प्रत्येक ठिकाणी एक-दोन शब्द बोलायचे की पुढे. एखाद्या दुकानासमोर भोंगा वाजत असेल तर तेवढाच शब्द हुकेल, तो पुढच्या दुकानापाशी परत सांगायचा. ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा अशी जागा बदलतं. दोन उपकरणं 'पेअर' करताना ती एकमेकांची खूण पटवून घेतात आणि लक्षात ठेवतात. दुकानांचा क्रम मात्र जोडणी सांभाळणाऱ्या उपकरणाच्या पत्त्यावरून आणि घड्याळावरून ठरतो, दुसरं उपकरण त्याच्या तालावर उड्या मारतं. शेजारच्या खोलीत दुसरी जोडी वेगळ्या क्रमाने फिरत असते, त्यामुळे टक्कर क्वचित होते. २००३ पासूनच्या आवृत्तीत आणखी सुधारणा झाली. जिथे कायम भोंगा वाजतोय ती दुकानं वगळायची.

आवाका मुद्दाम लहान ठेवलेला. नेहमीच्या उपकरणांची ताकद अडीच मिलिवॉट, पल्ला दहा मीटरच्या आसपास. गायरानात सगळ्यांना जागा मिळायची तर प्रत्येकाने हळू बोलावं लागतं, एवढं साधं गणित.

जाता जाता एका फॉरवर्डबद्दल. 'ब्लूटूथचा शोध हॉलिवूडच्या नटीने लावला' असा मेसेज दर महिला दिनाला येतो. नटी म्हणजे हेडी लामार. तिने आणि जॉर्ज अँथेल या संगीतकाराने १९४२ मध्ये पेटंट मिळवलं हे खरं. शत्रूला टॉर्पेडोचा रेडिओ संदेश अडवता येऊ नये म्हणून फ्रिक्वेन्सी बदलत राहायची, तीही पियानोच्या ८८ पट्ट्यांसारख्या ८८ फ्रिक्वेन्सींवर. कल्पना भन्नाटच. पण अमेरिकी नौदलाने ती त्या युद्धात वापरली नाही, पेटंटची मुदत १९५९ मध्ये संपली, आणि ब्लूटूथ जन्मलं तिच्या पेटंटनंतर पन्नास वर्षांनी, लुंडमध्ये. बाईंना श्रेय द्यायचंय तर त्यांनी जे केलं त्याचं द्या. तेही कमी नाही.

आता नाव. १९९७ पर्यंत एरिक्सन, नोकिया आणि इंटेल एकाच प्रश्नावर आपापल्या परीने काम करत होते, प्रत्येकाचं नाव वेगळं. एकत्र यायचं ठरलं. त्याच काळात इंटेलचे जिम कार्डाक आणि एरिक्सनचे मॅटिसन टोरांटोत एका संध्याकाळी बिअर पीत इतिहासावर गप्पा मारत बसले होते. त्यात दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हाराल्ड निघाला, टोपणनाव 'निळदात्या', म्हणजेच ब्लूटूथ. किडून निळा पडलेल्या दातामुळे हे नाव पडलं असं सांगतात. विखुरलेल्या डेन लोकांना या राजाने एका छत्राखाली आणलं, येलिंग गावात उभारलेल्या शिळेवर त्याने ते कोरूनही ठेवलंय. कार्डाकला वाटलं, आपणही कॉम्प्युटरवाले आणि मोबाइलवाले यांना एकत्रच आणतोय की! त्याने एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात लॅपटॉप घेतलेल्या हाराल्डची खोटी शिळा बनवून मीटिंगमध्ये दाखवली. नाव तात्पुरतंच होतं. पण ठरवलेली गंभीर नावं ट्रेडमार्कच्या चाळणीत टिकली नाहीत आणि निळा दात राहिला. फोनवरचं ते चिन्ह म्हणजे राजाच्या नावातली 'ह' आणि 'ब' ही दोन जुनी रून अक्षरं एकमेकांत गुंतवलेली. (पुढे हाराल्डच्या पोरानेच बंड करून त्याला हाकलून लावलं. तो भाग कंपन्या सांगत नाहीत.)

मे १९९८ मध्ये पाच कंपन्यांनी संघ जाहीर केला. एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम, तोशिबा. यातला खरा निर्णय असा होता की या तंत्रासाठी लागणारी मूळ पेटंटं संघाच्या सदस्यांना रॉयल्टीशिवाय वापरता येतील. एरिक्सन आणि नोकिया तेव्हा बाजारात एकमेकांचे हाडवैरी. तरी एरिक्सनने आपलं तंत्र मांडवात ठेवलं. यात दानधर्म काही नव्हता. फक्त एरिक्सनच्या फोनशी बोलणारा हेडसेट कोण घेणार, हा रोकडा हिशेब होता. पण त्या हिशेबामुळेच आज कुठल्याही कंपनीचा स्पीकर कुठल्याही फोनशी बोलतो.

आता आपल्याकडे येऊ. बुवांच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

आमच्या आजोबांच्या ट्रंकेत रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक होतं. पोस्टात पैसे भरायचे, शिक्का मारून घ्यायचा, मग घरात विविध भारती. ही पद्धत ऐंशीच्या दशकात बंद झाली, पण त्यामागचा कायदा जागेवरच होता. १९३३ चा इंडियन वायरलेस टेलिग्राफी अॅक्ट. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं बाळगणं हाही गुन्हा. इंग्रजांनी केलेला कायदा, त्यांना कशाची भीती होती ते सांगायला नको.

म्हणजे जगाने गायरान खुलं केलं तरी आपल्या सरकारने वेगळी सूट दिल्याशिवाय ते इथे खुलं होत नव्हतं. हे फक्त आपलं दुखणं नव्हतं म्हणा. फ्रान्स, स्पेन, जपानमध्येही हा पट्टा सुरुवातीला पूर्ण मोकळा नव्हता, त्यांच्यासाठी ब्लूटूथला ७९ ऐवजी २३ दुकानांची वेगळी जत्रा भरवावी लागली होती. आपल्याकडे २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झमधली कमी ताकदीची उपकरणं परवान्यातून मुक्त केली. अट तीच, त्रास द्यायचा नाही आणि तक्रार करायची नाही. त्यानंतरची वर्षं आठवा. एसटीत मागच्या सीटवरून "ब्लूटूथ चालू कर, गाणं पाठवतो", आणि तीन एमबीचं गाणं जाईपर्यंत दोन्ही फोन एकमेकांना चिकटवून धरलेले!

आणि आता त्या गायरानाचा बांध बघा. २.४ ला लागूनच खाली २.३ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे. २०१० मध्ये सरकारने त्याचा ब्रॉडबँडसाठी लिलाव केला. आले ३८ हजार कोटींहून जास्त. बांधाच्या एका बाजूला हजारो कोटींची जमीन, दुसऱ्या बाजूला मोफत, आणि लहरींना दोन्हीकडचा फरक कळतही नाही. मालकी निसर्गाने ठरवलेली नाही, अधिसूचनेने ठरवली आहे.

मालक कोण, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयात येऊन गेलाय. १९९३ च्या हिरो कप क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना भांडत होते. फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल लागला. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचं, आपल्या महाराष्ट्राचे. त्यात म्हटलंय की रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठीच व्हायला हवा. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला तेव्हा त्यातही केंद्र सरकार लोकांच्या वतीने स्पेक्ट्रमचं मालक आहे असं लिहिलं गेलं.

लोकांच्या वतीने मालक असलेला माणूस ती जमीन विकतो किती आणि मोकळी ठेवतो किती, हे लोकांनी बघायचं असतं. आपण बघत नाही, कारण बातमी 'गिगाहर्ट्झ' शब्दाने सुरू होते आणि आपण पान उलटतो. गेल्या काही वर्षांतला ६ गिगाहर्ट्झचा वाद असाच गेला. मोबाइल कंपन्या म्हणत होत्या हा पट्टा लिलावात काढा, वायफायवाले म्हणत होते मोकळा करा. अमेरिकेने २०२० मध्ये त्यातला अख्खा १२०० मेगाहर्ट्झ मोकळा केला. आपल्या सरकारने मे २०२५ मध्ये नियमांचा मसुदा काढला, त्यात खालचा ५०० मेगाहर्ट्झ परवानामुक्त, वरचा नाही. मसुद्यावर हरकती-सूचनाही मागवल्या होत्या. आपल्यापैकी किती जणांनी पाठवल्या?

परवा बुवा भेटले तेव्हा हे सगळं थोडक्यात सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे लावणी वाजली ती गायरानातूनच म्हणायची." आणि कट्ट्यावरच्या पोराला बोलावून त्याच्या फोनमधून स्पीकरचं नाव काढून टाकायला लावलं.